एक सेंटिमीटर पाण्याखाली

मोरेवाडीच्या माळावर, कॉलेजच्या मागल्या अंगाला
प्राणिगृह आहे. भुश्शाचा, मुताचा, स्पिरिटचा
मिळून एक वास, तो मी घरी घेऊन जाते,
आणि आई दारातच म्हणते, आधी आंघोळ.

काळी गोल टाकी. तिच्यात मी दूध पावडर कालवते
तळ दिसेनासा होईतो.
दुधाच्या जिल्ह्यातली मी,
पहिल्या दिवशी हात आखडला होता.
ईश्वरामामा म्हणाले, "वत गं.
फळी दिसली, तर उंदरानं ध्यानात काय ठेवायचं?"

फळी पाण्याखाली एक सेंटिमीटर.
भिंतीवर त्रिकोण, फुली,
आणि साखर कारखान्याचं जुनं कॅलेंडर.
एवढ्यावरून ओळखायचं, पाय टेकायला जागा कुठाय.
मुदत साठ सेकंद.

उंदीर हैदराबादहून आलेत, आजार जन्मासोबत घेऊन.
औषधाला अजून नाव नाही, कुपीवर नुसता आकडा.
कुणाला औषध आणि कुणाला मिठाचं पाणी
ते सरांच्या कपाटात, चिकटवलेल्या पाकिटात.
मला फक्त शेपट्यांवरच्या रेघा माहीत.

तीन रेघांचा पाचव्या दिवशी अकरा सेकंदांत पोचला.
एक रेघेचा कडेकडेनं फिरत राहतो,
नाक वर, टाकीच्या भिंतीला अंग घासत.
साठ संपले की मामा हात घालतात,
उचलून फळीवर ठेवतात: "हितं हाय बघ."
दर वेळी तेवढ्याच मायेनं, एकतीस वर्षं.

हल्ली मला कुंदा म्हणतात.
कुंदाची पीएचडी मी बालवाडीत असताना झाली.
सोमवारचं खाद्य त्यांनी दोनदा घातलं,
मी रजिस्टरात एकदाच लिहिलं.

परवा रात्री त्यांच्या सुनेचा फोन.
गंगावेशीला उतरायचं सोडून मामा
रंकाळ्यावर सापडले होते.
भेळवाला सांगत होता, तीन चकरा झाल्या यांच्या,
कडेकडेनं.
मी गेले तेव्हा पायातली एक चप्पल हातात धरून
म्हणाले, "कुंदाताई, टाकी भरायची राहिलीया."
मी त्यांचं कोपर धरलं.
हितं हाय बघा, म्हणायचं होतं,
पण कुठं, ते मलाच दाखवता येईना.

मग शेवटचा दिवस आला.
ज्याला आठवलं त्याचाही मेंदू लागतो,
ज्याला नाही आठवलं त्याचाही.
मामांच्या हातांना मात्र सगळं पाठ होतं.
शेपटीच्या बुडाशी चिमूट, खाली तळहाताचा आधार,
अंगठ्यानं एकदा कपाळ चोळणं,
जे कुठल्याही नियमावलीत नाही.
मी काचपट्ट्यांवर नंबर घालत राहिले.
नंतर सूक्ष्मदर्शकाखाली ते डाग दिसले,
गुलाबी, कापडावर पानाची पिंक उडावी तसे.

पाकीट फुटलं. तीन रेघांच्याला
नुसतं मिठाचं पाणी मिळालं होतं.
आमचा सगळ्यात हुशार, आपल्याच जिवावर हुशार.
तरी औषधवाल्या गटाची सरासरी
चार सेकंदांनी पुढे.
सर दोनदा म्हणाले, लिहायला घे.

"लागू पडलं व्हय?" मामांनी विचारलं.
"चार सेकंद, मामा."
टाकी पालथी घालताना थांबले.
पांढरं पाणी मोरीकडे निघालं होतं.
"बास की," म्हणाले. "लई झालं."

असल्या दिवशी ते गच्चीच्या कठड्यावर
पाखरांसाठी मूठभर जोंधळा ठेवतात. जुना रिवाज.
दुपारी ठेवून आले, मी पाहिलं होतं.
चार वाजता दारात उभे, डबा हातात,
"पाखरांस्नी घातलं काय गं आज?"
"नाही, मामा."
जिना चढताना त्यांची पावलं ऐकली, न अडखळणारी.

साडेपाचला पुन्हा विचारलं.
त्या दिवशी माळावरच्या चिमण्यांची
चंगळ झाली.